थोरलीची ओळ

सत्तरी ओलांडली तरी बाईला सगळं जग धाकटीच म्हणायचं. पोस्टरवर तेच, रेडिओवर तेच. निवेदक मोठ्या थाटात सांगायचा, "आता येत आहे आपली लाडकी धाकटी!" आणि पडद्यामागून काठी टेकत, गुडघा चोळत ही पांढऱ्या केसांची बाई यायची. लोक हसायचे, तीही हसायची. नाव बापानं ठेवलेलं. आई लवकर गेली, पदरात दोन पोरी, माणसाला हाका मारायचाही कंटाळा. एक थोरली, एक धाकटी, संपला विषय.

दोघी एकाच लाँड्रीत कामाला होत्या. दोरीवर चार कपडे वाळत घालणारी लाँड्री नव्हे हो; दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे ढिगानं यायच्या, ती. खाली बॉयलर, वर वाफेची खोली, भिंतींना बारमाही घाम. तिथे चादर घडी करायला दोन माणसं लागतात. एकीनं दोन कोपरे धरायचे, दुसरीनं दोन. एक झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा मिळवायचा, आणि पुन्हा मागं जायचं. दिवसभर हेच. तोंड रिकामं राहिलं तर माणूस वेडं होईल, म्हणून बायका गायच्या, आणि गाण्याची रीतही घडीचीच होती. चादर देणारीनं ओळ द्यायची. घेणारीनं तीच ओळ परत म्हणायची आणि तिला पुढची जोडून द्यायची. याला तिथे 'ओळ देणं' आणि 'ओळ घेणं' म्हणत. कुणाची ओळ अडली की बाकीच्या बायका तिची अशी टर उडवायच्या की सोय नाही.

या दोघी बहिणींची ओळ कधी अडली नाही. आवाज कुणाचा चांगला, यावर मात्र वाफेच्या खोलीत दोन तट होते. धाकटीचा गळा वर जायचा, खिडकीबाहेर ऐकू जायचा. थोरलीचा खालचा, जाड, जमिनीतून आल्यासारखा. जुन्या बायका म्हणायच्या, गळा खरा थोरलीचाच. धाकटीलाही मनातून ते पटलेलं होतं, पण आपल्या तोंडानं कोण सांगतं?

एकदा एका फिरत्या गाणाऱ्या मंडळाचे मालक त्यांच्या लोकांचे कपडे धुवायला टाकून गेले आणि न्यायला आले तेव्हा जिन्यातच थांबले. अर्धा तास ऐकत उभे. मग म्हणाले, "गाडीत एक जागा आहे. दोघींतली एक चालेल." बाप तेव्हा अंथरुणाला खिळलेला. त्याला उठवायला, बसवायला, भरवायला कुणीतरी हवंच होतं. थोरलीनं चादर खाली ठेवली नाही की क्षणभर विचार केला नाही. "हिला न्या," म्हणाली. धाकटीनं 'तू जा' म्हणायला हवं होतं, असं आपण इथे बसून म्हणू. तिचं वय एकोणीस होतं. पडत्या फळाची आज्ञा घेतली आणि पोरगी गाडीत बसली.

मंडळात तिला गायला मिळालं, पण ओळ सुचेना. कारण काय, तर समोर चादर धरायला कुणी नाही! शेवटी भाड्याच्या खोलीत तिनं चादरीची दोन टोकं खिडकीच्या कडीला बांधली, दोन हातात धरली, आणि खिडकीला ओळ देत बसली. शेजारच्या खोलीतला डफवाला हे दारातून बघून पोट धरधरून हसला. तोच पुढे जन्मभर तिच्या साथीला राहिला. आणि त्या खिडकीनं तिला जे गाणं दिलं, ते थोरलीवरचं होतं:

चादर दोघींनी मिळून धरली,
घडीत घडी वाफेनं भरली,
एकीच्या हाती नुसती ऊब उरली,
तूच माझी वाट, थोरली.

डफवाल्याचं व्याकरण पक्कं. म्हणाला, "हाक मारतेस ना बहिणीला? मग 'थोरले' म्हण. 'थोरली' काय?"

"धरली, भरली, उरली, आणि थोरले?" धाकटी म्हणाली. "यमक मोडतं."

"यमकापायी बहिणीची हाक चुकवतेस?"

"गाण्यात चालतं रे!"

गाणं रचणाऱ्याला यमकाची भूल पडते, ती अशी. तेव्हा एक मात्रा वाकवली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

वर्षभरानं रेकॉर्डिंगचा योग आला. भिंतींना गोधड्या ठोकलेली एक बुटकी खोली, मध्ये एकच माईक. धाकटीनं दम लावून 'थोरली' म्हटलं की माईकमध्ये 'फट्' असा आवाज यायचा. रेकॉर्डिंगवाला कानावरचं यंत्र काढून वैतागायचा. "बाई, तुमचा तो 'थ' माझा माईक फोडणार आहे. जरा दाताशी घ्या, हलका." चार वेळा फट् झालं. पाचव्यांदा धाकटीनं 'थ' इतका दाताशी घेतला की तो 'थ' राहिलाच नाही. रेकॉर्डिंगवाला खूश. "आता कसं!" म्हणाला. धाकटीही खूश. तिला तर 'थोरली'च ऐकू येत होतं. मनात जे असतं तेच आपल्याला ऐकू येतं.

लोकांना ऐकू आलं, 'तूच माझी वाट चोरली.'

आणि झालं! रान पेटावं तसं गाणं पेटलं. एका कारखान्याच्या दारात कामगार संपावर बसले होते, मंडळ तिथे गायला गेलं. धाकटी तोंड उघडायच्या आत हजारभर माणसं मालकाच्या खिडकीकडे बोटं करून ओरडत होती, 'तूच माझी वाट चोरली! तूच माझी वाट चोरली!' बायका रडत होत्या, पुरुषांच्या माना ताठ झाल्या होत्या. धाकटीच्या अंगावर काटा आला. तिनं डफवाल्याच्या कानात सांगितलं, "अरे, चुकतंय. थोरली आहे ते."

"जाऊन सांग त्यांना," डफवाला म्हणाला. "सांग, की बाबांनो, तुमचं चुकलं, हे माझ्या बहिणीचं कौतुक आहे."

तिनं समोर पाहिलं. आजचा दिवस, असं स्वतःला म्हणाली आणि तिनंही 'चोरली' म्हटलं. आजचा दिवस पन्नास वर्षं पुरला.

त्या पन्नास वर्षांत तिनं काय काय रचलं, ते सांगत बसलं तर इथेच रात्र होईल. पूल रंगवणाऱ्यावर रचलं, सुईणीवर रचलं, मासे साफ करणाऱ्या बायकांच्या बोटांवर रचलं. व्हायोलिनवाल्याशी लग्न केलं, तो दुसऱ्या मंडळात गेला, त्याच्यावरही रचलं आणि त्यालाच पाठवून दिलं. मनगट मोडलं, गळा बसला, पुन्हा उठला, एक पट्टी खाली आला. गावं झाली, शहरं झाली, परदेशही झाले. पण कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी लोकांना तेच हवं असायचं. मुलाखत घेणारे डोळे बारीक करून विचारायचे, "तुमची वाट कुणी चोरली होती?" ती म्हणायची, "ज्याची त्यानं शोधावी." या उत्तरालाही टाळ्या पडायच्या. टाळ्या संपल्या की तिला स्वतःची लाज वाटायची. मग लोक सह्या मागायला यायचे आणि ती सह्या द्यायची.

आणि थोरली? ती त्याच लाँड्रीत राहिली. बापाचं केलं, शेवटपर्यंत केलं. बॉयलरवाल्याशी लग्न केलं, एक मुलगी झाली, नवरा गेला, चादरी होत्याच. गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं तेव्हा वाफेच्या खोलीतल्या सगळ्या बायकांनी वळून थोरलीकडे पाहिलं. त्या चादरीत दुसरी कोण होती हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? ज्या बहिणीनं स्वतःची जागा दिली, तिच्यावरच चोरीचा आळ! गल्लीत कुजबुज व्हायची, 'काय केलं असेल हो हिनं त्या पोरीचं?' आपलेच दात आणि आपलेच ओठ. थोरली कुणाला काही बोलली नाही.

धाकटी वर्षातून एकदोनदा घरी जायची. पहिल्या वेळी जीव मुठीत धरून गेली होती. थोरली पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "गाणं छान झालंय."

"अगं, ते…"

"हात धू आणि बस. गार होतंय सगळं."

त्या दिवशी निघालं नाही, ते नंतर कधीच निघालं नाही. कसं सांगणार? 'ते थोरली आहे,' असं सांगितलं की पुढचा प्रश्न दारात उभाच, 'मग रोज चोरली का म्हणतेस?' थोरली तिच्या कार्यक्रमाला कधी आली नाही. कधी कामाची पाळी असायची, कधी पोरीला ताप. धाकटीनं बोलावणं सोडलं नाही आणि थोरलीनं कारणं सोडली नाहीत.

भाची मोठी झाली, पोस्टात खिडकीवर बसायला लागली. मावशीशी गोड होती, पण जपून. आणि मग या वर्षी थोरलीची छाती भरली. वाफ आणि ब्लीच यांनी आयुष्यभर जे केलं होतं त्याचा हिशेब फुप्फुसांनी मांडला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे हवं ते करा. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सरबताच्या यंत्राशेजारी, भाची धाकटीला म्हणाली, "मावशी, एक विचारू? आईनं तुझं काय चोरलं होतं?"

धाकटी शेजारच्या बाकावर टेकली.

"शाळेत मला 'चोरलीची पोर' म्हणायचे. आईला विचारलं तर म्हणायची, मावशीचं गाणं आहे, गाण्याला काय विचारतेस. घरी रेडिओवर ते लागलं की ती गप्प व्हायची. अगदी मुकी. मी लहान होते, पण कळत होतं मला."

तेव्हा त्या बाकावर धाकटीनं पन्नास वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. यमक, माईक, 'थ', कारखान्याचं दार. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की यंत्राच्या घरघरीत भाचीला वाकून ऐकावं लागलं.  ऐकून भाचीचा संताप बाहेर आला.

"म्हणजे ते आईचं कौतुक होतं! आणि तू तिला कपडे पाठवलेस, पंखा पाठवलास, औषधं पाठवलीस. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! एक शब्द पाठवायचा होता गं, मावशी."

"आता सांगते तिला. आत्ता जाऊन सांगते."

"एकटीला नको सांगूस. जगासमोर म्हटलंस ना? जगासमोर नीट म्हण. ती आहे तोवर."

धाकटीनं ते मनावर घेतलं. लाँड्रीच्या त्याच शहरात, नगरपालिकेच्या सभागृहात, दुपारचा कार्यक्रम ठरवला. गुडघे, गळा, दोन्ही तक्रार करत होते, म्हणून हा शेवटचाच, असं जाहीर केलं. तिकिटं हातोहात गेली. भाचीनं आईला विचारलं, येशील का. थोरली खिडकीबाहेर बघत होती. या वेळी तिनं कारण दिलं नाही. "येते," म्हणाली.

तालमीला डफवाल्यानं आकाशपाताळ एक केलं. त्याचीही ऐंशी जवळ आलेली, हात थरथरायचे, पण डफाला बोट लागलं की थांबायचे. "आता? वरातीमागून घोडं! अगं धाकटे, ते गाणं तुझं राहिलंय का? माणसं मयतीला म्हणतात ते, निवडणुकीला म्हणतात. नांदतं घर आहे ते, त्याची वीट काढू नकोस."

"माझ्या बहिणीच्या डोक्यावर बांधलंय ते घर."

 यावर तो डफ उचलून म्हणाला, "'वाट' म्हटल्यावर श्वास घ्यावा लागेल. तेव्हा मी ठोका सोडतो. तू श्वास घे, मग 'थोरली' म्हण. स्वच्छ म्हण. दाताशी नको." आठवडाभर दोघं तो एक श्वास बसवत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खचाखच. भाचीनं आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं, मधल्या वाटेशी, पहिल्या रांगेच्या टोकाला बसवलं. मांडीवर शाल, नाकाला नळी, पायाशी प्राणवायूची छोटी टाकी. थोरलीचे केस नीट विंचरले होते आणि तिनं तिचा ठेवणीतला निळा कपडा घातला होता. धाकटीनं पडद्याच्या फटीतून ते पाहिलं. 

सुईणीचं गाणं झालं, पुलाचं झालं. लोक टाळ्या देत होते, पण वाट कशाची बघत होते ते सगळ्यांना माहीत होतं. डफवाल्यानं तो ओळखीचा ठेका धरला आणि सभागृहातून एक मोठा सुस्कारा आला. चादर दोघींनी मिळून धरली. घडीत घडी वाफेनं भरली. एकीच्या हाती नुसती ऊब उरली. तूच माझी वाट… डफाचा ठोका सुटला, धाकटीनं श्वास घेतला, आणि 'थोरली' म्हटलं. अगदी स्वच्छ.

कुणाला ऐकूच गेलं नाही. तिच्या श्वासाच्या जागेत आठशे माणसं 'चोरली' म्हणून मोकळी झाली होती.

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. लोक तर आणखी खुलले; त्यांना वाटलं, बाई आपल्याला म्हणायला जागा देतेय. काहींनी बोटं वर केली, कुणा अदृश्य मालकाकडे रोखून. धाकटीनं हात वर केला आणि डफ थांबवला. माईक जवळ घेतला आणि सांगितलं. सगळं सांगितलं. तो 'थ', तो माईक, ती हजार माणसं आणि आपली ती भीती. "ही ओळ माझ्या बहिणीची आहे," ती म्हणाली. "ती इथे बसलीय. ती माझ्यासाठी मागं राहिली आणि मी तिला पन्नास वर्षं चोर म्हटलं. आज तरी माझ्याबरोबर नीट म्हणा."

 कुणीतरी हुंदका दिला. भाचीनं डोळ्यांना रुमाल लावला. लोक भले होते, त्यांना बाईचं मन राखायचं होतं. डफ सुरू झाला आणि सगळे मिळून हळू आवाजात म्हणाले, "तूच माझी वाट, थोरली." शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसं. दुसऱ्या कडव्यानंतर आणखी हळू. तिसऱ्याला तर अर्धे नुसते ओठ हलवत होते. शब्द बरोबर होता, आणि गाणं त्यांच्या हातात मरत होतं. धाकटीला ते कळत होतं. तरी ती रेटत होती. मेलं तर मरू दे, पण तिला ऐकू दे.

तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरली मान हलवत होती. आधी वाटलं दाद देतेय. मग दिसलं, नाही म्हणतेय. शालीतून हात बाहेर काढून ती बोटांनी बोलावत होती, इकडे ये, इकडे ये.

धाकटीनं डफ थांबवला. माईक बंद करून, तो हातात तसाच, काठी टेकत, बाजूच्या तीन पायऱ्या एकेक करून उतरली आणि खुर्चीपाशी येऊन वाकली. लोकांना वाटलं, बहिणी गळ्यात पडणार. ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्यांत या दोघींचं बोलणं भाचीशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

"थांबव हे," थोरली म्हणाली. "गाणं पडतंय. चोरली म्हण."

"अगं, पण ते तुझ्यासाठी होतं. थोरलीच होतं, शपथ. मी तुला कधी…"

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुझी ओळ मी ओळखणार नाही, धाकटे? पहिल्यांदा लागलं तेव्हाच कळलं. हिला थोरली म्हणायचंय आणि कुठेतरी 'थ' पडलाय. रडले मी त्या दिवशी, आनंदानं." ती श्वासासाठी थांबली. नळीतून हवा सुसू करत होती. "मग लोक चोरली म्हणायला लागले. कामावर एक दिवस चादर झटकताना मी पण म्हणून पाहिलं, बघू तरी कसं लागतंय. अगं, छातीवरचा धोंडा उतरला. रोज म्हणायला लागले."

  "कुणाला उद्देशून म्हणायचीस?"

"तुला. आणखी कुणाला?"

राग नव्हता त्यात. दुकानातून काय आणायचं ते सांगावं इतक्या साधेपणानं ती बोलत होती. "मीच तुला जा म्हटलं, मग भांडणार कुणाशी? लोक म्हणायचे, बहिणीचं नाव झालं, नशीब काढलंस. रागवायचीसुद्धा चोरी. आणि तूच ओळ पाठवलीस. मी घेतली. यंत्रांच्या आवाजात तोंड भरून म्हणायचे, बाया हसायच्या. घरी नाही म्हटली कधी, पोरीच्या कानावर नको म्हणून. बाकी तुझी सगळी गाणी तुझी. ही एक ओळ माझी आहे. ती आता सगळ्यांसमोर काढून घेऊ नकोस."

भाचीच्या तोंडातून "आई…" एवढंच निघालं.

धाकटीला वाटत होतं, आज ती बहिणीला काहीतरी द्यायला आली आहे. ती तिथेच, खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर बसली. गुडघ्यांचं काय होईल याचा विचार केला नाही. खूप रडायला आलं, आणि रडून चालणार नाही हेही कळलं, कारण माफी मागितली तर थोरली 'असू दे' म्हणेल आणि सगळं पुन्हा झाकलं जाईल. टाळ्या ओसरल्या होत्या. लोक उभेच होते, काय चाललंय ते न कळून.

तिनं माईक चालू केला आणि थोरलीच्या ओठांशी धरला. डफवाल्यानं वरून पाहिलं आणि काहीही न विचारता ठेका धरला, संथ, चादर झटकण्याचा.

थोरलीनं नळी जरा बाजूला सारली. आवाज अर्धा वाफच होता, पण खालचा, जाड, तोच. एकेका शब्दाला श्वास घेत ती तीन ओळी चालली. लोक गप्प राहिले; एकानंही मध्ये तोंड घातलं नाही. चौथ्या ओळीला तिनं मान वळवली, आणि बहिणीच्या डोळ्यांत बघून, तिच्या तोंडावर म्हटलं, "तूच माझी वाट चोरली."

धाकटीनं ओळ घेतली. चुकवली नाही, वर नेली नाही, जशीच्या तशी परत म्हटली. पुढची जोडून द्यायची रीत होती, पण तिनं जोडली नाही. माईक पुन्हा थोरलीपुढे धरला आणि ती आणखी काय म्हणते ते ऐकत बसली.